काकांनी चित्र मला दिलं होतं

आधीच सांगते, मी असल्या गोष्टी मानणाऱ्यातली नाही. आमच्या सोसायटीत अमावस्येला नारळ उतरवून टाकणाऱ्या बायका आहेत, मी त्यांच्यात नाही. शाळेत चित्रकला शिकवते. मुलांना सांगते की दिसतं ते काढा, मनातलं नंतर. ह्या ग्रुपवरचे असले अनुभव मी नेहमी वाचते, पण चहाबरोबर काहीतरी हवं म्हणून. आता स्वतःच लिहायला बसलेय, कारण घरात हा विषय निघाला की माझा नवरा हसून सोडून देतो आणि मला मात्र अजून सोडून देता येत नाही... असो. क्रमानं सांगते.

नवऱ्याचं नाव संदीप. अंधेरीत एका कार्गो कंपनीत अकाउंट्स बघतो. आम्ही जोगेश्वरी पूर्वेला राहतो, लेण्यांपासून चालत जाण्याइतक्या अंतरावर. मुलगा शिकायला पुण्याला, त्यामुळे घरात दोघंच.

चित्र आलं मुलुंडहून, संदीपच्या भाईकाकांकडून. त्यांची बिल्डिंग रिडेव्हलपमेंटला गेली आणि भाड्याचं घर मिळालं छोटं, म्हणून ते सामान वाटून टाकत होते. काका तरुणपणी अंधेरीतल्या एका पारशी बाईंच्या बंगल्याची देखभाल करायचे. बंगला विकला तेव्हा बाईंनी आठवण म्हणून हे चित्र त्यांना दिलं होतं. काकूंना ते बघून उदास वाटायचं, म्हणून इतकी वर्षं ते चादरीत गुंडाळून पलंगाखाली. आम्ही आवराआवरीला मदत करायला गेलो, त्या दिवशी काकांनी चादर सोडली आणि फ्रेम सरळ माझ्या हातात दिली.

"तू चितरां काढतंस मां? मगे ह्या तुकाच दितंय."

संदीप तिथेच होता, कपाटाचे स्क्रू काढत. त्यानं मान वळवूनसुद्धा बघितलं नाही.

चित्र होतं आमच्याच लेण्यांचं. वॉटरकलर, वर्तमानपत्राच्या अर्ध्या पानाएवढं. खडकात उतरत गेलेला मंडप, झिजलेले खांब, वरून लोंबणाऱ्या वडाच्या मुळ्या, आणि मधे काळोख. पूर्वी परदेशी चित्रकार बोटीनं यायचे, गावोगाव मुक्काम करत फिरायचे, आपली पडकी देवळं, लेणी रंगवायचे आणि तिकडे नेऊन दाखवायचे. ओरिएंटलिस्ट म्हणतात त्या चित्रांना. त्यांच्या चित्रात आपला देश नेहमी मोडका आणि पेंगुळलेला. ह्यातही मुंग्यांएवढी फेटेवाली माणसं आडवी पडलेली, मागे हिमालयाएवढे डोंगर, आणि एका कोपऱ्यात चक्क उंट. जोगेश्वरीत उंट. खाली सही पुसट, पहिलं अक्षर 'एच' असावं, पुढे नुसती ओढलेली रेघ.

मी उंटाला हसले. पण खांबांच्या सावल्या बघितल्या आणि फ्रेम उजेडात नेली. काळा रंग कुठेच नव्हता. निळसर, करडा, मधेच किंचित तांबूस – आणि तरी सावली इतकी गार की हात लावावासा वाटावा. अशी सावली मला कॉलेजपासून काढायची होती. कधी जमली नाही. चित्र हॉलमध्ये डायनिंग टेबलासमोर लावलं ते रोज बघून शिकावं म्हणून.

त्यात माझं एक कामही होतं. कल्पना माझी कॉलेजची मैत्रीण, ती बोरिवलीत दरवर्षी आठदहा जणांचं प्रदर्शन भरवते. दरवर्षी मला विचारते आणि दरवर्षी मी शाळेचं कारण सांगते. ह्या वेळी हो म्हणाले होते. चांगला जाड कागद आणला होता, कपाटावर ठेवला होता. हात लावायचा धीर होत नव्हता, ते वेगळं.

एका रविवारी सकाळी मासळी घेऊन आले तर संदीप टेबलावर वाकून बसलेला. मला वाटलं, सोसायटीची नोटीस लिहितोय. जवळ गेले. माझा तो जाड कागद, माझी पेन्सिल, आणि कागदावर एक खांब.

संदीपला चित्रकला येत नाही हे सांगून समजणार नाही. मुलगा लहान असताना त्याला ह्यानं आंबा काढून दिला होता, मुलानं "पप्पा, हा उंदीर छान आहे" म्हटलं होतं. आणि आता समोर होता तो खांब... गोल, भरीव, वरच्या बाजूला पाणी मुरून झिजलेला. आमच्या बॅचमधल्या कुणालाही पहिल्या फटक्यात असा जमला नसता.

"हे कुणी काढलं?"

"मी. का गं? बसलो होतो असाच."

"संदीप, खरं सांग."

"अगं खरंच. वेळ जात नव्हता."

पिशवी तशीच हातात धरून मी बघत राहिले. रेघा उलट्या होत्या. उजव्या हातानं छाया भरणाऱ्याच्या तिरक्या रेघा वरून उजवीकडून खाली डावीकडे उतरतात. ह्या डावीकडून उजवीकडे उतरल्या होत्या, डावखुऱ्याच्या असतात तशा. संदीप उजव्या हाताचा. मी भिंतीवरच्या चित्राजवळ नाक नेऊन बघितलं. रंगाच्या खाली पेन्सिलीच्या बारीक रेघा होत्या. त्याही तशाच उतरत होत्या.

पुढच्या रविवारी मी स्वयंपाकघराच्या दारातून पाळत ठेवली. संदीपनं चहाचा कप उजव्या हातानं खाली ठेवला, पेन्सिल डाव्या हातात घेतली आणि काढायला लागला.

"तू डाव्या हातानं काढतोयस."

त्यानं हाताकडे बघितलं. "हो का? लक्षात नाही आलं."

मग त्यानं ते सांगितलं. हवामान सांगावं तसं सांगितलं.

"तुला वेड्यासारखं वाटेल. पण मी इथे बसलो की बाजूला कोणीतरी असतो. ह्या खुर्चीवर. बोलत नाही. माझी रेघ चुकायला लागली की खोकतो. मग मी थांबतो आणि परत काढतो."

"कोण असतो?"

"तोच असेल ना, चित्रवाला. मी कुठे ओळखतो त्याला? घाईत असतो जरा. पण माणूस चांगला आहे."

तुम्हाला वाटेल मी घाबरले. घाबरायला हवं होतं. खरं सांगते, माझ्या मनात पहिला विचार आला तो हा – ह्याला का?

ती खुर्ची माझी. रोज रात्री मी तिथे जेवते. चित्र मला दिलेलं. रेघ चुकण्याचा अर्थ कळणारी घरात मी एकटी. आणि आयुष्यात एकही प्रदर्शन न बघितलेल्या, आर्ट गॅलरीत नेलं तर एसीत बसून क्रिकेटचा स्कोअर बघणाऱ्या माझ्या नवऱ्याला घरबसल्या गुरू मिळाला होता. नवऱ्याचं बाहेर काही असतं तर बाईला काय करायचं ते माहीत असतं. भांडते, रडते, माहेरी जाते. इथे मी कुणावर जळत होते तेच कळेना. संदीपवर, की त्या बसणाऱ्यावर?

दर रविवारी चित्रं वाढत गेली. मंडप, दार, मुळ्या. मी मुद्दाम बारीक चुका शोधायचे. "इथे पर्स्पेक्टिव्ह गेलंय तुझं." तो शांतपणे म्हणायचा, "असेल. तो काही बोलला नाही."

मग एक दिवस म्हणाला, लेण्यांवर जाऊ या. मला वाटलं, आत मंडपात बसेल. तो आत गेलाच नाही. वरच्या बाजूनं, घरांच्या गल्लीत शिरला. वाट ठरलेली असल्यासारखा वळत वळत एका घरापुढे थांबला. समोर भिंत, पाण्याचा निळा पिंप, दोरीवर शाळेचे युनिफॉर्म.

"इथून," तो म्हणाला आणि पायरीवर बसला.

"इथून काय दिसतंय तुला? भिंत?"

डाव्या हातात पेन्सिल, नजर भिंतीच्या आरपार. मी बाजूला उभी, खोडरबर आणि पेन्सिलींचा डबा धरून. वर्गात मुलं माझा डबा धरून उभी असतात, तशी.

घरातून एक बाई बाहेर आली. "सर्व्हेवाले काय तुम्ही? आमचे पेपर क्लिअर आहेत."

"नाही हो," मी म्हटलं. "चित्र काढतायत."

"भिंतीचं?" तिनं कागदात डोकावलं. कागदावर एक तळं उतरत होतं. दगडी पायऱ्या, काठावर बुंधा फाटलेलं झाड, पाण्यात बसलेली म्हैस, नुसती शिंगं आणि नाक वर. बाई जरा वेळ बघत राहिली. मग म्हणाली, "इथं खाली पाणीच आहे वाटतं. आमची लादी उन्हाळ्यातपण ओली असते." आणि युनिफॉर्म काढून आत गेली.

येताना वाटेत मी टोमणा मारला. "साहेब लोक म्हैस नाही काढत. उंट काढतात."

संदीप म्हणाला, "उंट त्यानं नंतर घातला. तिकडच्या लोकांना लागतो म्हणून. त्याला नव्हता आवडत."

रात्रभर मला ते लागून राहिलं. इतकं त्या दोघांचं बोलणं झालं होतं, न बोलता.

कल्पना घरी आली ती एका शनिवारी दुपारी, माझी चित्रं निवडायला. माझ्याकडे दाखवण्यासारखं जुनंच होतं. मी कपाटातून फाइल काढेपर्यंत तिनं टेबलावरचे कागद उचलले होते.

"वैशू... हे तू केलंस?"

इतक्या वर्षांच्या ओळखीत ती माझ्याशी असं बोलली नव्हती. आवाज खाली आलेला, डोळे कागदावरून हटत नव्हते. एक क्षण मी काहीच बोलले नाही. तेवढा एक क्षण ती चित्रं माझी होती, आणि काय सांगू, फार बरं वाटलं.

"नाही," मी म्हटलं. "संदीपनं."

ती हसली. मग माझा चेहरा बघून हसायची थांबली. संदीप ऑफिसातून आल्यावर ती त्याच्या मागेच लागली. दोन तरी द्या, मधल्या भिंतीवर लावते. संदीप मान हलवत राहिला. "मला कशाला? हिचं लाव मधे. ही खरी चित्रकार."

त्यानं प्रेमानंच म्हटलं होतं. मला ते भीक वाढल्यासारखं वाटलं. कल्पना गेल्यावर मी फुटले.

"हे चित्र काकांनी मला दिलं होतं."

"मग घे ना. मी कुठे अडवलंय?"

"ऊठ तिथून."

तो उठला. मी त्याच्या खुर्चीवर बसले. माझी नेहमीची खुर्ची बाजूला मोकळी ठेवली, त्या माणसासाठी. कागद घेतला, पेन्सिल धरली. हात बदलून डाव्यातही धरली. समोर चित्र, खिडकीतून संध्याकाळचं ऊन. मी एक रेघ ओढली. दुसरी ओढली. मुद्दाम चुकीची ओढली. पंखा फिरत होता, खाली कुणीतरी गाडी रिव्हर्स घेत होतं. बाकी काही नाही.

"कुठे आहे तो?" मी विचारलं.

संदीप दारात उभा होता. "आत्ता नाहीये."

"का नाहीये?"

"सोड ना यार, वैशाली."

"का नाहीये, सांग."

त्याला खोटं बोलता येत नाही, हा त्याचा मोठा दोष आहे.

"तू बसलीस की तो उठतो."

आमच्या संसारात भांडणं पुष्कळ झाली. पण ह्या एका वाक्यानंतर मी त्याच्याशी आठवडाभर धड बोलले नाही. तो बिचारा माझ्यासाठी भाजी चिरून ठेवायचा, शाळेच्या डब्याला चपात्या गुंडाळून द्यायचा. मी घ्यायचे आणि निघायचे.

प्रदर्शनात माझी जुनी चित्रं लागली, डावीकडच्या भिंतीला. लोकांनी सेल्फी काढले, समोसे खाल्ले. ठीक झालं.

मग उन्हाळा आला. मे महिन्याच्या शेवटी, ढग जमायला लागले तेव्हा, एका रविवारी संदीप टेबलाशी बसला, पेन्सिल फिरवून बघितली आणि ठेवून दिली.

"गेला," तो म्हणाला.

"कोण?"

"तोच. पावसाआधी निघायचं होतं त्याला. पुढचा मुक्काम कुठे ते काही बोलला नाही."

मी त्याच्यापुढे कागद ढकलला. काढ, म्हटलं. पेन्सिल त्यानं उजव्या हातात धरली आणि खांब काढला. पडलेली दुधी भोपळ्याची वेल बरी दिसली असती. तो स्वतःच हसला.

"मस्त होतं पण यार," तो म्हणाला आणि टीव्ही लावला. मॅच होती.

तो इतका सहज उठला त्या खुर्चीवरून. दुःख नाही, शोध नाही, आता काय करू असा प्रश्न नाही. घरात पाहुणा आला, राहिला, गेला. ह्या गोष्टीचा मला सगळ्यात जास्त राग आला आणि अजून आहे. ज्याच्याकडे आलं त्यानं मागितलं नव्हतं, आणि गेलं तर त्याला फरकसुद्धा पडला नाही.

इथपर्यंत सगळं असतं तर मी म्हटलं असतं की संदीपमध्ये लपलेला गुण होता, काही महिने वर आला आणि बसला. असं होतही असेल. पण त्या दिवाळीच्या सुमारास कल्पनाचा फोन आला. दक्षिण मुंबईत एका गॅलरीत जुन्या परदेशी चित्रांचं प्रदर्शन होतं. कुठल्याशा कुटुंबाच्या माळ्यावरून निघालेली, आजवर कुठे न लागलेली चित्रं. "संदीपला घेऊन ये," ती म्हणाली. "आणि ते तळ्याचं चित्र बरोबर आण."

आम्ही गेलो. आतल्या खोलीत आमच्या चित्राएवढंच एक वॉटरकलर होतं. चित्रकार अज्ञात, असं लिहिलेलं. सहीची तीच ओढलेली रेघ. आमच्या चित्राच्या डाव्या कडेला वडाचं एक मूळ अर्धवट बाहेर जातं, ते ह्या चित्राच्या उजव्या कडेतून आत येत होतं. एकाच जागेवरून काढलेली जोडी होती ती. आणि त्या दुसऱ्या चित्रात होतं तळं. दगडी पायऱ्या. बुंधा फाटलेलं झाड. पाण्यात म्हैस, शिंगं आणि नाक वर.

कल्पनानं संदीपचा कागद शेजारी धरला. पायऱ्यांचे तुटलेले कोपरेसुद्धा जुळत होते. कल्पना कुजबुजत विचारत होती, ह्यानं कुठे पाहिलं असेल, पुस्तकात, नेटवर? आम्ही नंतर दोघींनी खूप शोधलं. कुठेही नाही.

संदीप चित्रासमोर मिनिटभर उभा राहिला. "अरे हो, हेच," म्हणाला. मग मला विचारलं, "भूक लागलीय, बाहेर काही खायचं का?"

आता त्या गॅलरीच्या लोकांना जोडी पुरी करायची आहे, त्यांनी आमच्याकडचं चित्र मागितलंय. संदीप म्हणतो, देऊन टाक, एकत्र राहतील बिचारी. मग लगेच म्हणतो, पण काकांनी तुला दिलंय, तू ठरव. मी नाही म्हणून कळवलंय.

मी रोज शाळेतून आल्यावर त्या चित्रासमोर बसते. जाड कागद संपला, नवीन आणला. माझी रेघ सुधारलीय, असं कल्पना म्हणते. सावली अजून जमत नाही. काय झालं होतं ह्याचं उत्तर माझ्याकडे नाही, संदीपकडे नाही, आणि एका ओळखीच्या मानसोपचारतज्ज्ञ बाईंना विचारलं तर त्यांच्याकडेही नव्हतं. खरं तर त्या उत्तराशी मला आता फार घेणंदेणं उरलेलं नाही.

इथले काही जण लिहितील की चित्र घराबाहेर काढा, घरात शांती करून घ्या, अमुक ठिकाणी नेऊन सोडा. कृपया ते लिहू नका. घालवायचे उपाय सगळ्यांनाच माहीत असतात. एखाद्याला परत बोलवायचा उपाय कुणाला माहीत असेल तर सांगा. आणि तो पुन्हा आला, तर ह्या वेळी तो उठून जाऊ नये म्हणून मी कुठे बसायचं, तेही सांगा.